सरपंचाच्या शिक्क्याने लग्न लागत नाही

प्रति,
गोव्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच, पंच व सचिव, पालिकांचे नगरसेवक, देवस्थान समित्यांचे पदाधिकारी, पुरोहित आणि नोटरी

विषय : लग्न लावण्याचा व लग्नाचा दाखला देण्याचा अधिकार, आणि त्या आडून होणारी दुसरी लग्ने

सप्रेम नमस्कार.

पंचायतीच्या लेटरहेडवर चार ओळी असतात. अमुक आणि तमुक हे पतिपत्नी असून आमच्या गावात राहतात, त्यांचा विवाह अमुक देवळात झाला आहे, दाखला मागणीवरून दिला. खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. देणाऱ्याला हे गावच्या माणसाचे साधे काम वाटते. घेणारी बाई हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवते आणि आपले लग्न सरकारदरबारी नोंदले गेले असे समजते. पुढे कधीतरी कळते की नवऱ्याची नोंदणी झालेली बायको दुसऱ्या तालुक्यात आहे, आणि कपाटातल्या कागदाला काहीच किंमत नाही. असे कागद तुमच्या टेबलावरून बाहेर पडतात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

गोव्यात लग्न लावण्याचा अधिकार सरपंचाला नाही, पंचाला नाही, नगराध्यक्षाला नाही, मामलेदाराला नाही, देवस्थान समितीला नाही आणि नोटरीलाही नाही. तो तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारला, म्हणजे सरकारी नोंदणी अधिकाऱ्याला आहे. कॅथलिकांच्या बाबतीत चर्चमध्ये झालेले लग्न कायदा मानतो, पण तेही आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडून ना-हरकत दाखला घेऊन, आणि नंतर पाद्रींनी पाठवलेली नोंद सरकारी पुस्तकात उतरल्यावर. ही व्यवस्था पोर्तुगीज काळातल्या १९४६ च्या हुकुमाची. बाकी सगळ्यांना, हिंदू असोत की मुसलमान, एकच दार आहे.

हा घोळ गोव्यातच का होतो, ते आधी सांगायला हवे. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या लोकांची सोयरीक सावंतवाडी-दोडामार्गात असते. तिथे ग्रामसेवक हा विवाह निबंधक असतो आणि लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. ते पाहून आलेला माणूस म्हणतो, त्यांची पंचायत देते तर आमची का नाही? शिवाय आपल्याकडेही जन्म-मृत्यूची नोंद पंचायत सचिवच करतो. मग लग्नाची नोंद तेवढी राहिली कशी, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

उत्तर कायद्याच्या मुळात आहे. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा १९५५ चालतो. तिथे लग्न विधींनी लागते, आणि ग्रामसेवकाकडची नोंद ही आधीच लागलेल्या लग्नाचा पुरावा असते. ग्रामसेवक लग्न लावत नाही, लागलेले लिहून घेतो. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली, तिच्यावर १९१० चा विवाहाचा हुकूम आला, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने ते सगळे तसेच पुढे चालू राहिले. हिंदू विवाह कायदा इथे आलाच नाही, १९३७ चा शरियत कायदाही आला नाही. इथे लग्न हा सिव्हिल रजिस्ट्रारसमोर केलेला करार आहे. नोंदणी हेच लग्न. मांडव, मंगलाष्टके, सप्तपदी, निकाह हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे, आणि आनंदाचे, पण कायद्याच्या हिशेबात ते लग्नाच्या बाहेरचे.

आता सर्वात जास्त फसवणूक जिथे होते ती जागा: पहिली सही आणि दुसरी सही.

वधूवर जन्मदाखले, रहिवासी दाखले, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र, फोटो आणि दोन साक्षीदार घेऊन दोघांपैकी कोणा एकाच्या तालुक्यातल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातात आणि लग्न करण्याचा इरादा जाहीर करतात. विधवा-विधुर असेल तर पहिल्या जोडीदाराचा मृत्युदाखला, घटस्फोटित असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. ही पहिली सही. त्यानंतर नोटीस लागते, हरकतींसाठी साधारण पंधरा दिवस जातात, आणि मुदतीत परत येऊन दोघांनी रजिस्ट्रारसमोर पुन्हा सही केली की लग्न लागते. ही दुसरी सही. मधल्या काळात ते दोघे कायद्याने अविवाहितच असतात.

प्रत्यक्षात काय होते? पहिली सही झाली की घरात पेढे वाटले जातात. पत्रिका छापून तयार असते, हॉल ठरलेला असतो. लग्न थाटात होते, मुलगी सासरी जाते, आणि दुसरी सही राहून जाते. कधी विसरून, कधी जहाजावर जायची तारीख आली म्हणून, आणि कधी अगदी ठरवून. मुदत टळली की पहिली सही वाया जाते. वर्षा-दोन वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या तालुक्यात दुसरीबरोबर दोन्ही सह्या करून मोकळा होतो, आणि त्याच्यावर द्विविवाहाचा गुन्हाही लागत नाही, कारण पहिले लग्न कायद्याने कधी लागलेच नव्हते. ज्या मुलीचे लग्न पाचशे माणसांनी पाहिले, ती कागदावर कुमारिका. म्हणून लग्नानंतर कोणी नाव बदलायला, घरपट्टीला नाव लावायला किंवा रहिवासी दाखल्यावर पतीचे नाव घालून घ्यायला पंचायतीत आले, तर पहिल्या सहीची पावती चालवून घेऊ नका. विवाह नोंदीचा दाखला मागा. नसेल तर तिथेच सांगा की दुसरी सही राहिली आहे. मुदत अजून शिल्लक असेल, तर सचिवाच्या या एका वाक्याने एक संसार वाचतो.

उलट बाजूही तितकीच वाईट. पहिली बायको रीतसर नोंदलेली आहे, आणि माणूस दुसरीशी देवळात लग्न करतो. रजिस्ट्रारकडे तो जाणारच नाही, तिथे खोटे प्रतिज्ञापत्र द्यावे लागेल. मग तो लग्नाचा काहीतरी कागद शोधतो. हा कागद देणारे तीन जण: देवस्थान समिती, नोटरी आणि पंचायत.

भारतीय न्याय संहितेचे कलम ८२ (१ जुलै २०२४ च्या आधी भारतीय दंड संहितेचे ४९४ आणि ४९५) सांगते की पती किंवा पत्नी हयात असताना दुसरे लग्न केले, आणि त्या कारणाने ते लग्न रद्दबातल ठरत असेल, तर सात वर्षांपर्यंत कैद. पहिले लग्न लपवून केले तर दहा वर्षांपर्यंत. सूट दोनच: पहिले लग्न न्यायालयाने रद्दबातल ठरवलेले असणे, किंवा जोडीदार सलग सात वर्षे बेपत्ता असून हयात असल्याचे काहीच ऐकिवात नसणे. दुसऱ्या सवलतीतही नव्या जोडीदाराला हे लग्नापूर्वी खरे खरे सांगितलेले असावे लागते. ‘ती माहेरी गेली आहे’, ‘आम्ही वेगळे राहतो’, ‘गावकीत काडीमोड झाली’, यातले एकही कारण या कलमात बसत नाही. स्टॅम्पपेपरवरच्या फारकतपत्राने गोव्यात घटस्फोट होत नाही. तो न्यायालयच देते, आणि त्याचा हुकूमनामा विवाह नोंदीवर चढवून घ्यावा लागतो.

कलम कडक दिसते, पण खटला उभा करताना नेमके तुमचे कागद आडवे येतात. दुसरे लग्नही रीतीप्रमाणे पूर्ण झालेले असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये महाराष्ट्रातल्या लोखंडे खटल्यात ठरवले. तिथे गांधर्व पद्धतीचे लग्न होते. होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, आरोपी सुटला. गोव्यात आरोपीचा वकील आणखी एक पायरी पुढे जातो: इथे नोंदणीशिवाय लग्नच नसते, मग देवळात हार घातले हे दुसरे लग्न कसे? म्हणजे तोच माणूस घरी ‘हे बघ, पंचायतीचा दाखला आहे, तू माझी बायको’ म्हणतो आणि न्यायालयात ‘ते लग्न नव्हतेच’ म्हणतो. दोन्ही ठिकाणी तोच कागद त्याच्या कामी येतो.

त्या कागदाची खरी भीती मात्र दुसरीकडे आहे. न्याय संहितेच्या कलम ६३ प्रमाणे, आपण तिचा नवरा नाही हे पुरुषाला माहीत असताना, तो आपला कायदेशीर नवरा आहे या समजुतीने बाईने दिलेली संमती ही संमती नव्हे. तो बलात्कार ठरतो. लग्न झाल्याचा खोटा भास निर्माण करून सहवास करणे हा कलम ८१ खाली वेगळा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंतचा. फसवणुकीच्या इराद्याने, कायदेशीर लग्न होत नाही हे माहीत असून विधी उरकणे हा कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंतचा. आता विचार करा, बाईची ‘समजूत’ कशाने पक्की झाली? तुमच्या शिक्क्याने. सही करताना त्याचे पहिले लग्न तुम्हाला ठाऊक होते असे दिसले, तर गुन्ह्याला साह्य केल्याचा प्रश्न तुमच्यापर्यंत येतो. आणि गावात सरपंचाला हे ठाऊक नसते, यावर न्यायाधीशाचा विश्वास बसणे कठीण.

नोटरींसाठी फार लिहायला नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदा मंत्रालयाच्या विधी विभागाने परिपत्रक काढून बजावले आहे की नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे आणि लग्नाचा किंवा घटस्फोटाचा दस्त करून देणे हे नोटरीच्या अधिकाराबाहेरचे आहे. ‘आम्ही फक्त प्रतिज्ञापत्र साक्षांकित केले’ हा बचाव कितपत टिकतो, ते त्या कागदाचे शीर्षक पाहून ठरते. वर ठळक अक्षरांत ‘विवाह करारनामा’ लिहिलेले असेल तर टिकत नाही.

देवस्थान समित्यांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे हेतू बहुधा चांगला असतो. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने समितीला देवळाचा कारभार, उत्पन्न, उत्सव यांचे काम दिले, आणि मामलेदाराला प्रशासक म्हणून देखरेख दिली. लग्न लावण्याचा अधिकार त्या नियमावलीत शोधून सापडणार नाही. पण देवळात विधी होतात, दक्षिणा-पावती होते, त्याची वही असते. ती वही बंद करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट खटल्यात ती वहीच बोलते: तारीख, वेळ, दोघांची पूर्ण नावे, ओळखपत्रांचे क्रमांक, पुरोहिताचे नाव, कोणकोणते विधी झाले, साक्षीदारांच्या सह्या. हे सगळे लिहा, आणि भरपूर लिहा. फक्त बाहेर देताना त्याला ‘विवाह प्रमाणपत्र’ म्हणू नका. ‘या देवळात या तारखेला पुढील धार्मिक विधी झाले. ही विवाह नोंदणी नव्हे.’ एवढेच दोन ओळींत लिहा. आणि विधीआधी सिव्हिल रजिस्ट्रारचा विवाह दाखला पाहायची पद्धत ठेवा. दाखला नसेल, पहिलीच सही झाली असेल, तर त्याची प्रत वहीला जोडा आणि दुसऱ्या सहीची तारीख वधूच्या आईवडिलांसमोर विचारा. भटजींना हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, हे खरे. मुहूर्ताची वेळ विचारताना वाटत नाही, तेव्हाच हेही विचारून घ्यावे. वयाचा दाखलाही त्याच वेळी पाहावा. मुलगी अठराची किंवा मुलगा एकविसाचा नसताना विधी करणाऱ्याला २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

कधी कधी कोणीतरी जाणकार १८८० ची संहिता पुढे करतो. गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींच्या त्या संहितेत कलम ३ आहे: पत्नीला पंचवीस वर्षांपर्यंत मूलच झाले नाही, किंवा ती तीस वर्षांची झाली तरी मुलगा झाला नाही, अशा काही प्रसंगी हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला नागरी परिणाम मिळत. गोव्याच्या समान नागरी कायद्याचे कौतुक करताना हे कलम कोणी वाचून दाखवत नाही. आमच्या मते ते केव्हाच पुसून टाकायला हवे होते. पण ते कसेही वाचले तरी त्यात सरपंचाला किंवा समितीला काही अधिकार दिलेला नाही. ‘हिला मूल होत नाही, म्हणून पंचांसमोर दुसरी केली’ हा कागद १८८० च्या आधारानेही उभा राहत नाही.

मग पंचायतीने लिहायचे काय? रहिवासी दाखला देणे तुमचेच काम, आणि नेमकी तिथेच चूक होते. दाखल्यात वास्तव्य लिहा: घर क्रमांक, वाडा, किती वर्षांपासून. ‘पतिपत्नी’ हा शब्द विवाह दाखला पाहिल्याशिवाय लिहू नका, आणि पाहिला तर त्याचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि कार्यालय दाखल्यातच घाला. ‘अविवाहित आहे’ असे तर कधीच लिहू नका. ते तुम्ही जाणू शकत नाही: दुबई, लंडन, जहाज, बेळगाव, मुंबई, कुठे काय झाले आहे याची नोंद पंचायतीकडे नसते. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी ज्यांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात झाली आहे, त्यांचे गोव्यातले लग्न तिथे उतरवले नसेल तर ते पोर्तुगीज कागदांवर अविवाहितच राहतात. त्या कागदाच्या बळावर युरोपात दुसरे लग्न करण्याचा मोह होतो. अविवाहित असल्याचे त्या माणसानेच प्रतिज्ञेवर सांगावे आणि खोटे निघाल्यास त्यानेच भोगावे, अशीच कायद्याची रचना आहे. ती जबाबदारी अंगावर ओढून घेण्याचे तुम्हाला काही कारण नाही.

फसलेली बाई तुमच्याकडेच आधी येते, पोलिसांकडे नंतर. तेव्हा उपयोगी पडावे म्हणून थोडे. कलम ८२ चा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात नुसती नोंद करून परत पाठवले तर तो पोलिसांचा उद्दामपणाच असतो असे नाही. कायदाच तसा आहे. तक्रार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करायची. पत्नीच्या वतीने आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, काका, मामा, आत्या, मावशी करू शकतात. पहिल्या बायकोबरोबरच फसवली गेलेली दुसरीही तक्रार करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मुदतीची अट नाही, कारण शिक्षा तीन वर्षांहून मोठी आहे. नवरा-बायको शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा दुसऱ्या लग्नानंतर पहिली बायको जिथे कायमची राहायला गेली, तिथल्या न्यायालयातही खटला चालतो, त्यामुळे फोंड्यातल्या बाईला लग्न जिथे झाले त्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. फसवणुकीचे प्रकरण कलम ६३ कडे जात असेल, तर मात्र तो दखलपात्र गुन्हा आहे आणि पोलिसांना नोंदवावाच लागतो. पोटगीच्या दाव्यात, पहिले लग्न लपवलेल्या नवऱ्याला ‘ती माझी कायदेशीर बायकोच नाही’ म्हणून सुटता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ चे निकालपत्र आहे. आणि दुसरे लग्न अजून व्हायचे असेल, नोटीस लागलेली असेल, तर सगळ्यात स्वस्त आणि जलद उपाय म्हणजे त्याच सिव्हिल रजिस्ट्रारकडे लेखी हरकत: अर्ज, सोबत स्वतःच्या विवाह नोंदीचा उतारा, आणि पोच घेतलेली प्रत. तोंडी सांगून परत येऊ नये.

मालमत्तेचे वेगळे सांगायला नको, पण सांगतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते, अर्धा वाटा प्रत्येकाचा. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या. म्हणून ‘पतिपत्नी’ हा शब्द पंचायतीच्या कागदावर सहज लिहिला की तो पुढे घरपट्टीत, वीजबिलात, वारसा दस्ताच्या कागदपत्रांत फिरत राहतो, आणि वीस वर्षांनी इन्व्हेंतारीच्या (वारसांतल्या मालमत्ता वाटपाच्या) दाव्यात खऱ्या अर्ध्या वाट्याच्या मालकिणीला स्वतःच्याच घरात आपण कोण हे सिद्ध करत बसावे लागते.

सिव्हिल रजिस्ट्रारांनाही या पत्राची प्रत जात आहे, कारण सगळा दोष पंचायतींवर टाकून चालणार नाही. बारा तालुक्यांच्या विवाह नोंदी एकाच ठिकाणी शोधता आल्या पाहिजेत. पहिल्या सहीच्या दिवशी दोघांची नावे आणि जन्मतारखा सगळ्या तालुक्यांच्या नोंदींशी ताडून पाहणे हे कारकुनाचे नेहमीचे काम व्हावे. दुसरी सही राहिलेल्या जोडप्यांना मुदत संपण्याआधी दोघांच्याही फोनवर, विशेषतः तिच्या फोनवर, कोकणी-मराठीत संदेश जावा. आणि पहिल्या सहीच्या पावतीवर मोठ्या अक्षरांत छापावे: ‘यामुळे लग्न झालेले नाही.’

तोवर पंचायतीच्या फलकावर पुढील मजकूर लावावा अशी विनंती आहे. लावायला ठराव लागत नाही.

‘ही पंचायत लग्न लावत नाही, लग्नाचा दाखला देत नाही, काडीमोड करून देत नाही. लग्न सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दुसऱ्या सहीने लागते. तुमची दुसरी सही झाली का?’

कळावे,

आपले,
विवाह नोंदणी आणि कौटुंबिक दाव्यांचे काम करणारे काही वकील व निवृत्त नोंदणी कर्मचारी